चिंगीचं भुंकणं आणि सोसायटीचं पत्र: काही उपाय आहे का?

तिसरा_मजला

नमस्कार मंडळी. इथे कुत्री-मांजरं पाळणारे बरेच जण आहेत म्हणून धागा काढतेय.

आमच्याकडे चिंगी आहे, दोन वर्षांची. आई गल्लीतली, बाप बहुधा कुणाचा तरी स्पिट्झ, त्यामुळे अंग गावठी आणि शेपूट झुबकेदार. पुण्यात, कोथरूडला जुन्या इमारतीत राहतो. आम्ही दोघं दिवसभर कामावर. सासूबाई घरी असतात, पण दुपारी त्यांचं भजनी मंडळ, तेव्हा चिंगी एकटी.

तक्रार एकच, ती भुंकते. बेल वाजली की भुंकते. गॅलरीतून मांजर, स्कूटर, भाजीवाला, काहीही दिसलं की भुंकते. आणि शेजारच्यांच्या म्हणण्याप्रमाणे आम्ही नसताना 'अखंड' भुंकते. आता सोसायटीचं पत्र आलंय. भाषा सभ्य आहे, पण शेवटच्या ओळीत 'अन्यथा' आहे.

एका ट्रेनरला बोलावलं होतं. तो म्हणाला, पेपरची सुरळी करून नाकावर मारा, नाहीच ऐकलं तर करंटचा पट्टा लावा, ऑनलाइन मिळतो. नवऱ्याने पट्टा कार्टमध्ये टाकलाय, मी अडवून धरलंय. कुणाला अनुभव? 'कुत्रा पाळलाच कशाला' हा प्रतिसाद कृपया नको. तो घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर येऊन गेलाय.

नाकतोडा

'अन्यथा'च्या पुढे काय आहे ते महत्त्वाचं. आमच्याकडे 'अन्यथा'च्या पुढे नुसती टिंबं असतात, त्यांचीच जास्त धास्ती वाटते.

हलके घ्या. पट्टा मात्र घेऊ नका. जाणकार येतीलच.

खमंग

आमच्याकडे बीगल आहे, म्हणजे तुमच्यापेक्षा माझा अधिकार मोठा. या जातीची पैदास इंग्लंडात सशाच्या शिकारीसाठी झाली. कुत्र्यांचा कळप पुढे आणि शिकारी मागून पायी, त्यामुळे लांबवर ऐकू जाईल असा गळा माणसानेच निवडून निवडून आणला. तो गळा आता टू बीएचकेमध्ये राहतो.

आम्ही पाण्याचा फवारा वापरतो. भुंकला की तोंडावर एक फवारा. आता नुसती बाटली दिसली तरी गप्प बसतो. स्वस्त आणि मस्त.

शेपूटवाला_डॉक्टर

जनावरांचा डॉक्टर आहे, बरीच वर्षं दवाखाना चालवला. जरा सविस्तर लिहितो.

सुरळी आणि पट्टा दोन्ही बाजूला ठेवा. बेल वाजल्यावर मार बसला की कुत्र्याच्या डोक्यात एवढंच जातं की बेल वाजली की घरची माणसंही बिथरतात, म्हणजे बेल ही खरोखरच वाईट गोष्ट आहे. करंटचं त्याहून वाईट. झटका बसतो त्या क्षणी समोर जे असेल त्याच्याशी तो जोडला जातो. समोर शेजारचं पोर असेल तर? आवाजावर चालणारे काही स्वस्तातले पट्टे तर दुसरं कुत्रं भुंकलं तरी याला झटका देतात.

आता तुमची पोस्ट परत वाचा. त्यात तीन वेगळी भुंकणी आहेत आणि तिघांना एक औषध चालत नाही.

बेलचं भुंकणं म्हणजे वर्दी देणं. ते बदलायला वेळ लागतो, पण पद्धत सोपी आहे. तुमच्याच बेलचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करा. दारापासून लांब, पण दार दिसेल अशा जागी एक चटई टाका. रेकॉर्डिंग इतकं हळू वाजवा की चिंगी फक्त कान टवकारेल. आवाज झाला की चटईवर उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. आधी आवाज, मग चिकन, हा क्रम चुकवू नका. उलट केलंत तर चिकनचा डबा उघडला की बेल वाजते एवढंच ती शिकेल. दोन-तीन मिनिटांत आटपायचं, तिला आणखी हवं असतानाच. मग दिवसागणिक आवाज थोडा थोडा वाढवायचा. भुंकली तर आपण फार वाढवला, एक पायरी खाली या. हळूहळू बेल वाजली की ती दाराऐवजी चटईकडे पळायला लागेल. त्यानंतर खरी बेल, तीही आधी घरच्या माणसाने दाबलेली.

सराव चालू आहे तोवर येणाऱ्यांना फोन करून यायला सांगा, डिलिव्हरीवाल्यांसाठी 'बेल वाजवू नका' असं ॲपमध्ये लिहा. एकीकडे चटईचा सराव आणि दुसरीकडे दिवसभर जुनीच सवय घोटली जातेय, असं झालं तर सराव फुकट.

(अवांतर: हे सगळं ज्याच्या नावावर जातं त्या रशियन शास्त्रज्ञ पावलोवला १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी. कुत्र्यांची लाळ मोजता मोजता बाकीचं हाती लागलं.)

गॅलरीत वेगळाच खेळ आहे. स्कूटर येते, चिंगी भुंकते, स्कूटर निघून जाते. स्कूटर जाणारच होती, पण चिंगीच्या हिशोबाने तिने हाकलली. दिवसभर जिंकत असलेला खेळ कोण सोडेल? इथे शिकवत बसू नका, आधी नजर अडवा. जाळीला तिच्या डोळ्यांच्या वरपर्यंत हिरवं शेडनेट बांधा, काचेला दुधी फिल्म लावा. घरी कुणी नसताना गॅलरीचं दार बंद.

तिसऱ्या भुंकण्याबद्दल मी आत्ता काहीच सांगणार नाही. जुना मोबाईल रेकॉर्डिंगला लावून बाहेर जा आणि काय होतं ते पाहा. तुम्ही गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात दार नखांनी ओरबाडणं, येरझाऱ्या, लाळ, खाऊ समोर असून न शिवणं, असं दिसलं तर ती एकटेपणाची धास्ती. तिथे शिस्तीचा संबंध नाही, ती घाबरलेली आहे. घर सोडण्याचा वेळ मिनिटा-मिनिटाने वाढवत न्यावा लागतो, काहींना फ्लुओक्झेटिन किंवा क्लोमिप्रामिनसारखं औषधही द्यावं लागतं, ते तुमच्या डॉक्टरांनी तपासूनच. आणि ती मस्त झोपून मधेच उठून भुंकत असेल, तर कारण घराबाहेर शोधा.

एक प्रश्न. ती भुंकली की घरात कुणी बिस्कीट देतं का?

तिसरा_मजला

डॉक्टर, तुम्हाला कसं कळलं!! सासूबाई देतात. 'गप्प बस गं बाई' म्हणून ग्लुकोज बिस्किटाचा अर्धा तुकडा. त्यांच्या मते त्याने ती शांत होते.

आणखी एक अडचण. आमच्या घरात चिकन येत नाही. अंडंसुद्धा नाही.

शेपूटवाला_डॉक्टर

शांत होतेच, तोंडात बिस्कीट असताना भुंकणार कशी? पण पुढच्या वेळी बिस्कीट हवं असेल तर काय करायचं हे तिला नेमकं कळलंय. बंद करा, आणि एक गोष्ट घरच्यांना आधीच सांगून ठेवा. बिस्कीट बंद झालं की भुंकणं आधी वाढेल, चांगलंच वाढेल. इतके दिवस चालणारी युक्ती चालेना म्हटल्यावर ती जोर लावून बघणार. लोक नेमके इथे हरतात आणि बिस्कीट देतात. तेव्हा ती शिकते की थोडं भुंकून भागत नाही, बराच वेळ भुंकावं लागतं. कधी द्यायचं कधी नाही, हे सगळ्यांत वाईट. त्यापेक्षा ती आपणहून गप्प पडलेली असताना काही न बोलता पुढ्यात तुकडा टाका. सासूबाईंचा देण्याचा आनंदही राहील.

चिकनला पर्याय म्हणजे बिनमिठाचं पनीर, उकडलेलं रताळं, गाजर. मात्र कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं अजिबात नकोत. शिऱ्यातला बेदाणासुद्धा नको. पीनट बटर देणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) लिहिलंय का बघा, ते कुत्र्यांना विषारी आहे.

@खमंग, फवाऱ्याने गप्प बसतो हे मान्य. पण तो बाटलीला घाबरून गप्प आहे, दाराबाहेरच्या माणसाबद्दलचं त्याचं मत होतं तेच आहे. तुम्ही घरात नसताना बाटली कोण दाखवणार? शिवाय भुंकणं-गुरगुरणं ही कुत्र्याची आगाऊ सूचना असते. ती दाबून टाकली की काही कुत्री सूचना न देता थेट दात लावतात.

खमंग

आमचा अजून कुणाला चावलेला नाही. सगळ्यांनाच चिकन घेऊन बेल वाजवत बसायला वेळ नसतो, डॉक्टर. असो, मुद्दा कळला. पटला असं म्हणत नाही.

सेक्रेटरी_काका

मी एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे (तुमच्या नव्हे, घाबरू नका). दुसरी बाजूही ऐका. आमच्याकडे पहिल्या मजल्यावर एक गृहस्थ रात्रपाळी करून सकाळी झोपतात आणि वरचं कुत्रं सकाळी सुरू होतं. तक्रार करणारा प्रत्येक जण कुत्र्यांचा द्वेष्टा नसतो.

नियमांचं सांगतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेत बहुमत झालं तरी. भुंकणं हे बंदीचं कारण होऊ शकत नाही, असंही त्यात आहे. पण त्याच सूचनांत मालकांनाही सांगितलंय की सततच्या भुंकण्याचा शेजाऱ्यांना त्रास होतो, विशेषतः रात्री कुत्रं शांत राहील हे बघा. लोक पहिला अर्धा भाग छापून आणतात आणि दुसरा घरी ठेवतात.

ताई, महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचं कार्ड फाईलला लावून ठेवा. आणि पत्राला लेखी उत्तर द्या की आम्ही अमुक अमुक करतोय, काही आठवडे द्या. कमिटीला उत्तर आलं की निम्मा राग तिथेच जातो. वकिली भाषेत उत्तर दिलंत की उरलेले सभासदही सह्या करतात.

स्टुटगार्टची_सून

मजा वाटली वाचून. इथे जर्मनीत रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, रविवारी तर दिवसभर. भुंकण्याचाही हिशोब आहे! न्यायालयांच्या निकालांत येणारा आकडा असा की दिवसात एकूण अर्धा तास आणि सलग दहा मिनिटांहून जास्त नको. आता हे कुत्र्याला कोण समजावणार.

पण करंटच्या पट्ट्याबद्दल लिहायचं होतं. जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २००६ सालीच त्याचा वापर प्राणीसंरक्षण कायद्याविरुद्ध ठरवला. वेल्समध्ये २०१० पासून बंदी आहे. आणि २०२२ पासून इथे प्रशिक्षणात आतून काटे असलेले पट्टेही चालत नाहीत, शिवाय कुत्र्याला रोज एकूण किमान तासभर बाहेर न्यायचं हे नियमात लिहिलंय. आमच्या घरात नवऱ्यासाठी असा नियम असता तर बरं झालं असतं.

चिंगीला किती फिरवता?

तिसरा_मजला

सकाळी वीसेक मिनिटं, रात्री तेवढंच. नवरा नेतो, भराभर, एक हात फोनवर.

स्टुटगार्टची_सून

भराभर नको. वास घेऊ द्या तिला. एकाच खांबापाशी दोन मिनिटं उभी राहिली तर राहू दे. आमची शिकवणारी बाई म्हणायची की फेरी तिची आहे, तुम्ही फक्त दोरी धरायला आलात. नाक दमलं की कुत्रं झोपतं. घरीसुद्धा, वाडग्यात जेवण देण्यापेक्षा जुन्या टॉवेलमध्ये दाणे गुंडाळून गाठी मारून द्या, शोधू दे.

जुन्नरचा_पाटील

आमच्याकडे उलटा प्रश्न. न भुंकणारं कुत्रं काय कामाचं? शेतातल्या वस्तीवर राहतो, ऊस लागून आहे, बिबट्या कायमचा. अकोले तालुक्यात बिबट्या काय खातो याचा अभ्यास झाला होता, त्यात सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणून आमच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे असतात, खिळे बाहेरच्या बाजूला, कारण बिबट्या मानेला धरतो. ताईंनी जर्मनीचं लिहिलंय त्या पट्ट्याचे काटे आत, कुत्र्याच्याच मानेत. आमच्या म्हाताऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, पट्टा उलटा घातला असेल कुणीतरी.

डॉक्टर म्हणतात ते भुंकण्या-भुंकण्यातलं अंतर मात्र खरं. माणूस आला तर आमचा राजा पुढे धावत भुंकतो. बिबट्या असला की मागे मागे सरत दारापाशी येतो, आवाज चिरका होतो आणि पाठीवरचे केस उभे. अंथरुणातून न उठता कळतं कोण आलंय. तुम्ही पण नुसतं ऐका आठवडाभर, कळेल.

नाकतोडा

'पट्टा उलटा घातला असेल' हे या धाग्यातलं सर्वोत्तम वाक्य. पाटीलबाबांना दंडवत.

तिसरा_मजला

मंडळी, रेकॉर्डिंग झालं. एकदा नाही, बऱ्याच दुपारी लावलं. ऐका आता.

सासूबाई बाहेर पडल्या की चिंगी दाराशी थोडा वेळ बसते, मग सोफ्यावर (जिथे तिला बंदी आहे) चढून झोपते. घोरते. लाळ नाही, येरझाऱ्या नाहीत. मधेच एकदम उठून दाराशी जाऊन बेफाम भुंकायला लागते, आणि थांबतच नाही. मला वाटलं कुणी आलं असेल. आवाज मोठा करून ऐकलं तर मागून बारीक ऐकू येतं: "कृपया दरवाज़ा बंद कीजिए."

लिफ्ट! आमची जुनी जाळीच्या दाराची लिफ्ट आहे. दार नीट लागलं नाही की आधी पीं पीं करते आणि मग ती बाई सुरू होते, दार लागेपर्यंत तेच वाक्य. आमचं दार लिफ्टला लागून. बाई थांबत नाही म्हणून चिंगी थांबत नाही. कुणीतरी येऊन दार आपटलं की दोघी एकदम गप्प. सगळ्या दुपारी हेच. दार उघडं टाकून जाणाऱ्यांत पत्रावर सही केलेले एक जण आहेत, त्यांचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ आलाय. नवरा म्हणतोय ग्रुपवर टाकू. टाकू का?

सेक्रेटरी_काका

टाकू नका! हात जोडतो. ग्रुपवर टाकलंत की विषय कुत्र्यावरून माणसांवर जाईल आणि वर्षभर चालेल. रेकॉर्डिंग सेक्रेटरीला एकट्याला ऐकवा. लिफ्टच्या मेन्टेनन्सवाल्याला सांगून त्या बाईचा आवाज कमी करता येतो, बहुतेक लिफ्टच्या केबिनमध्ये स्पीकरला तशी सोय असते. दाराची स्प्रिंगही बघायला सांगा, ती सैल असली की दार आपोआप परत उघडतं.

शेपूटवाला_डॉक्टर

वा. म्हणजे धास्ती नाही, औषध नको. पत्रातलं 'अखंड' पण खरंच निघालं, लिफ्ट बोलतेय तोवर अखंड.

लिफ्टच्या बाईलाही बेलसारखंच घ्या. ते वाक्य आणि आधीचं पीं पीं, दोन्ही रेकॉर्ड करा, हळू आवाजापासून सुरुवात. पीं पीं ऐकलं की चटई आणि पनीर. दुपारी घरी कुणी नसताना दाराजवळच्या खोलीत पंखा जरा मोठा किंवा रेडिओ चालू ठेवा, बाहेरचा आवाज बोथट होतो. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी. आणि तिला झोपायला आतली खोली द्या, किंवा सोफ्यावरची बंदी उठवून सोफाच आत हलवा.

तिसरा_मजला

अपडेट द्यायला उशीर झाला. बेलचं काम सासूबाईंनी ताब्यात घेतलंय. बेल वाजली की त्या दारात उभ्या राहून आधी "चिंगे, चटई!" म्हणतात, पनीरचा तुकडा टाकतात आणि मगच दार उघडतात. आलेला माणूस तोवर बाहेर. कुरिअरवाल्याला सवय झालीय. ती दोनदा भुंकते, मग चटईवर जाते. दोनदा चालेल, असं सासूबाईंचं म्हणणं, घरात कुत्रं आहे हे कळायला नको का?

गॅलरीत शेडनेट लागलं. अंधार झाला म्हणून नवरा कुरकुरतो. मांजर अजूनही वासावरून कळते, तेव्हा भुंकते.

लिफ्टची स्प्रिंग बदलली. बाईचा आवाज कमी झालेला नाही, मेन्टेनन्सवाला 'सेटिंग वरून येतं' म्हणाला. तिच्यावर सराव चालू आहे, पनीर बरंच लागतंय. सोसायटीला लेखी उत्तर दिलं, काकांच्या सल्ल्याप्रमाणे गोड भाषेत. पट्टा कार्टमधून काढला.

उत्तररात्र

धागा हायजॅक करत नाही, पण डॉक्टर आहेत म्हणून विचारते. आमचा लॅब्रॅडॉर तेरा वर्षांचा आहे. आयुष्यभर शांत होता. आता रात्री दोन-अडीचला उठतो, भिंतीकडे तोंड करून उभा राहतो आणि एकसुरी भुंकतो. लाईट लावला, हात फिरवला की थांबतो. दिवाळी जवळ आलीय, त्याचंही टेन्शन आहे. कुणीतरी झोपेची गोळी द्या म्हणालं.

शेपूटवाला_डॉक्टर

याला चटई-पनीर नको, तपासणी हवी. या वयात अचानक सुरू झालेलं रात्रीचं भुंकणं म्हणजे बऱ्याचदा सांध्यांचं किंवा दातांचं दुखणं, कमी झालेली नजर किंवा ऐकणं, नाहीतर म्हातारपणी मेंदूत होणारे बदल. भिंतीकडे तोंड करून उभं राहणं हे शेवटच्याचं एक लक्षण असू शकतं, पण त्याची इतरही कारणं असतात, म्हणून लांबवू नका. रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासून घ्या. जाताना त्याचा रात्रीचा व्हिडिओ घेऊन जा, दवाखान्यात तो शहाण्यासारखाच वागणार. तोवर रात्री पॅसेजमध्ये बारीक दिवा ठेवा, फर्निचर हलवू नका, घसरणाऱ्या फरशीवर सतरंजी टाका, आणि झोपण्याआधी उशिरा एकदा शू करवून आणा.

गोळी मनाने देऊ नका. गुंगीच्या काही जुन्या गोळ्यांनी कुत्र्याचं अंग सैल पडतं, पण भीती तशीच राहते. आवाज सगळा ऐकू येतो आणि पळता येत नाही. फटाक्यांसाठी भीतीच कमी करणारी औषधं वेगळी आहेत, ती वजन आणि लिव्हर-किडनी बघून ठरतात, आणि दिवाळीच्या आधी एकदा देऊन पाहावी लागतात. त्यामुळे याच आठवड्यात दाखवा. कुठल्या शहरात आहात?

उत्तररात्र

नाशिक. उद्या सकाळची वेळ घेतली. व्हिडिओ आज रात्री काढते.